टंकतक्त्यांसाठी विकी उभारताना

युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या संगणकीय प्रमाणाच्या आधीच्या फॉन्टांमध्ये टंकलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या एका छोट्या मुक्तस्रोत प्रकल्पात मी काम करतो. जुन्या फॉन्टातली कोणती खूण म्हणजे युनिकोडमधले कोणते अक्षर, हे सांगणाऱ्या तक्त्यांसाठी त्याचा विकी, म्हणजे अनेकांना लिहिता-सुधारता येणारे संकेतस्थळ, उभारण्याची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा पहिला आठवडा मी कोणते सॉफ्टवेअर निवडावे याच विचारात घालवला. प्रत्यक्षात आधी ठरवायला हवे होते ते हे की, या विकीवर लिहिणार कोण. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते आणि युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचे याच्या उलट. शिवाय जोडाक्षरांच्या जागा फॉन्टागणिक निराळ्या. याची बारीक जाण छापखान्यांत वर्षानुवर्षे डीटीपी, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी, केलेल्या माणसांना असते, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचा गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीशी कधी संबंध आलेला नसतो.

म्हणून गिटवर चालणाऱ्या गिटहब या संकेतस्थळावरचा तयार विकी मी बाजूला ठेवला. मीडियाविकी समर्थ आहे, परंतु त्याला डेटाबेस लागतो आणि त्याची निगा राखायला आमच्याकडे माणूस नाही. डोकुविकी प्रत्येक पान साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे एका फोल्डरची प्रत घेतली की सगळी पाने हाती राहतात. तोच निवडला.

एका गोष्टीचा मात्र इशारा द्यायला हवा. डोकुविकी मूळ मांडणीत देवनागरी पानांची नावे टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात साठवतो, म्हणजे काना-मात्रांसह प्रत्येक चिन्हाला 9 बाइट लागतात. लिनक्सवर फाइलनावाची मर्यादा साधारणतः 255 बाइट असल्यामुळे पंचवीसेक चिन्हांपुढचे शीर्षक अडचणीत येते. ‘एफएनएनकोड’ (fnencode) या सेटिंगला ‘यूटीएफ-8’ हे मूल्य दिले की चिन्हामागे 3 बाइट पुरतात. हा बदल पहिले पान लिहिण्याआधीच करावा, कारण नंतर केल्यास देवनागरी नावांची जुनी पाने विकीला सापडत नाहीत. आम्हांला हे चाळीसएक पाने झाल्यावर कळले आणि त्या सगळ्या फाइलींची नावे बदलावी लागली.

परवान्याचा निर्णय मी घाईने घेतला नाही, याचे आज समाधान वाटते. विकीवरचे तक्ते पुढे आमच्या जीपीएल 3 या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याच्या कोडमध्ये जाणार होते. मजकुरासाठी वापरला जाणारा क्रिएटिव्ह कॉमन्सचा बीवाय-एसए 4.0 (श्रेय द्या आणि त्याच अटींवर वाटा) परवाना 2015 पासून जीपीएल 3 शी एका दिशेने सुसंगत मानला जातो, त्यामुळे तो विकीला लावला, म्हणजे विकीवरचा मजकूर कोडमध्ये रीतसर नेता येतो. हे आधी ठरले नसते, तर पुढे प्रत्येक लेखकाला शोधून त्याची परवानगी घ्यावी लागली असती.

नोंदणी खुली ठेवताच जाहिरातींची खाती येऊ लागली. आता नोंदणीच्या वेळी मराठीत एक प्रश्न विचारला जातो: ‘कर्म’ या शब्दात रफार कोणत्या अक्षरावर आहे? यंत्रे बहुतेक इथेच अडतात, आणि डीटीपी करणाऱ्याला उत्तर द्यायला क्षणही लागत नाही.

विकी सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका निवृत्त अक्षरजुळणीकारांनी आमच्या तक्त्यातील ‘श्र’ची चुकलेली जागा स्वतः दुरुस्त केली आणि खाली कारणही लिहिले. ती दुरुस्ती मी त्याच संध्याकाळी कोडमध्ये घेतली.