लॉगबुकात ‘पाठ चांगला झाला’ याशिवाय काय लिहायचं?

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही प्राथमिक शाळेतलं लॉगबुक, म्हणजे वर्गभेटीच्या नोंदींची वही, उघडून बघा. ‘पाठ परिणामकारक झाला. फलकलेखन सुवाच्य. शैक्षणिक साहित्याचा वापर करावा. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्तम.’ खाली सही, शिक्का. पुढच्या पानावर फक्त तारीख बदललेली. कोल्हापूर जिल्ह्यात करवीरमधल्या शाळेचं पान चंदगडच्या शाळेत नेऊन चिकटवलं तरी कुणाला पत्ता लागणार नाही. मुख्याध्यापक वर्गावर जातात, वीस मिनिटं बसतात, पण बघतात ते शिक्षकाकडे. शिक्षक बोलतोय, फळ्यावर लिहितोय, म्हणजे पाठ चालू आहे. मुलं त्या वेळी काय करत होती, याची नोंद कुठेच होत नाही.

पोरं शाळेत आणायचं काम कोल्हापूर संस्थानात १९१७ सालीच शाहू महाराजांच्या सक्तीच्या शिक्षणाच्या हुकमाने सुरू झालं. आता पट भरलेला असतो, हजेरी लागलेली असते, आणि तिसरीतलं पोर ‘सूर्य’ला ‘सुरय’ वाचतं. म्हणून हे लिहिणं वर्गात बसून काय बघायचं आणि काय लिहायचं, एवढ्यापुरतंच.

आधी वेळेचा प्रश्न मिटवू, कारण ‘वेळच नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं, आणि ते बरंचसं खरंही असतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीला पट दीडशेच्या वर, सहावी ते आठवीला शंभरच्या वर असेल तेव्हाच मुख्याध्यापकाचं वेगळं पद मिळतं. म्हणजे वाडीवस्तीवरच्या शाळेत मुख्याध्यापक हा आधी वर्गशिक्षक आणि मग प्रभारी. त्यात पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस (शाळेची माहिती ऑनलाइन भरायची प्रणाली), आणि व्हॉट्सअॅपवर ‘आज दुपारी दोनपर्यंत माहिती पाठवा’. कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं धरली आहेत, पण वर्गाच्या मधोमध वाजणाऱ्या मोबाइलला कलम लागू होत नाही. तरीही आठवड्यातून दोनदा पंचवीस मिनिटं निघतात. चार शिक्षकी शाळा असेल तर मुख्याध्यापकाचा वर्ग शेजारच्या वर्गात बसवायचा. शेजारच्या शिक्षकावर दोन वर्ग शिकवायचा भार नको. आपल्या मुलांना त्या पंचवीस मिनिटांचं लेखी काम आपणच देऊन जायचं, उत्तरं आल्यावर तपासायची. हे फिरवून केलं तर उरलेल्या तिघांच्या वर्गात महिन्याला प्रत्येकी दोन फेऱ्या सहज होतात, एखादी जास्तही.

तासिका निवडताना पहिली किंवा दुसरीच घ्या. भाषा आणि गणित तेव्हाच चालतं. जेवणानंतर खिचडीची सुस्ती असते. तेव्हा वर्ग शांत दिसतो आणि शांततेला शिस्त समजण्याची चूक होते.

आता बसायचं कुठे. नेहमीची जागा म्हणजे मागच्या भिंतीला लागून खुर्ची. तिथून शिक्षकाचा चेहरा दिसतो आणि मुलांच्या पाठी. त्याऐवजी पुढच्या बाजूला, खिडकीशी, जमल्यास मुलांबरोबर खाली बसावं. तिथून पाट्या आणि वह्या दिसतात. पहिली पाच मिनिटं मुलं आपल्याकडेच बघत राहतात, तेव्हा त्या वेळात काही लिहू नये.

आत जाण्याआधी हजेरीपत्रकातून पाच मुलं ठरवून ठेवायची: एक पुढे असलेलं, एक मधलं, तीन मागे पडणारी. ही नावं शिक्षकांना आधी सांगायची नाहीत, नाहीतर सगळे प्रश्न त्या पाच जणांकडेच वळतात. मग दर दोन मिनिटांनी त्या पाचही जणांवर एक नजर टाकायची आणि प्रत्येकापुढे एकच खूण करायची. ‘क’ म्हणजे स्वतः काम करतंय, ‘ऐ’ म्हणजे ऐकतंय, ‘उ’ म्हणजे फळ्यावरचं किंवा शेजाऱ्याचं उतरवून घेतंय, आणि शून्य म्हणजे काहीच नाही. पहिली पाच मिनिटं सोडून उरलेल्या वीस मिनिटांत दहा फेऱ्या, पाच मुलं, पन्नास खुणा. यासाठी फॉर्म छापायची गरज नाही, चौकोनी वहीचं एक पान पुरतं.

समजा पन्नासपैकी ‘उ’ २२, ‘ऐ’ ११, शून्य ११ आणि ‘क’ फक्त ६ आले. असा वर्ग बाहेरून अगदी छान दिसतो. सगळे लिहितायत, वह्या भरतायत, तपासायला घेतल्या तर उत्तरंही बरोबर, कारण ती फळ्यावरचीच आहेत. वहीतपासणीवरून वर्ग कळत नाही म्हणतात ते यासाठी.

दुसरी गोष्ट मोजायची ती प्रश्नांची. ‘समजलं का?’ ‘होऽऽ गुरुजी!’ हा एक सूर सगळीकडे ऐकू येतो, आणि त्यात सात-आठ आवाज खरे असतात, बाकीचे मागून ओढले जातात. वीस मिनिटांत किती प्रश्न एका मुलाला नाव घेऊन विचारले, किती सगळ्यांना मिळून, यासाठी दोन रकाने करून काठ्या ओढायच्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात, तेही मनात एक-दोन-तीन म्हणून मोजायचं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात हेच मोजलं होतं: शिक्षक सरासरी एक सेकंदभर थांबतात, आणि तो वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांब होतात, एरवी गप्प असणारीही बोलायला लागतात. तीन सेकंद शांत राहणं शिक्षकाला फार जड जातं. वर्गात कुणी बघायला बसलं असेल तर आणखीच जड.

सुरातल्या उत्तरांवर सगळ्यात स्वस्त उपाय पाटी. प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने पाटीवर उत्तर लिहून पाटी छातीशी उलटी धरायची, ‘दाखवा’ म्हटल्यावर एकदम वर. पंचवीस पाट्या दहा सेकंदांत वाचून होतात. ‘छातीशी’ हा भाग गाळला की शेजाऱ्याचं बघून लिहिणं सुरू होतं, आणि मग सगळंच मुसळ केरात.

एक उदाहरण नीट उलगडतो, कारण खरी गोम इथे आहे. तिसरीत हातच्याची वजाबाकी चालू आहे. ५२ वजा २८. मुलांनी स्वतः सोडवायला घेतलं की काही पाट्यांवर ३६ येतं. लॉगबुकात याची नोंद ‘सराव वाढवावा’ अशी होते. सराव वाढवला की ते पोर आणखी वीस गणितं त्याच चुकीच्या रीतीने करतं आणि चूक पक्की होते. ३६ कुठून आलं ते बघा: एककात २ आणि ८, म्हणून मोठ्यातून लहान काढलं, ६. दशकात ५ मधून २ गेले, ३. ‘लहानातून मोठं जात नाही’ हे वाक्य मुलाने ऐकलंय आणि त्याचा स्वतःपुरता अर्थ लावलाय, की मग उलटं करायचं. ४०३ वजा १५७ दिलं तर तेच पोर ३५४ लिहील (बरोबर उत्तर २४६). म्हणजे पोर निष्काळजी नाही, एका नियमाने चाललंय. नियम तेवढा चुकीचा.

यावर फळ्यावर पुन्हा समजावून उपयोग नाही. काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या मुलाच्या हातात द्यायच्या आणि अठ्ठावीस काड्या मागायच्या. दोन सुट्ट्यांतून आठ देता येत नाहीत म्हटल्यावर ते स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढतं. उरले चार गठ्ठे आणि बारा सुट्ट्या. त्याच क्षणी वहीत ५ खोडून ४ आणि २ च्या जागी १२ लिहायचं, नंतर नाही. काड्यांचं काम सकाळी आणि वहीतलं काम दुपारी असं केलं की मुलाच्या डोक्यात त्या दोन वेगळ्याच गोष्टी राहतात. साहित्यपेटी कपाटात कुलपात असेल तर तिचा भाग वेगळाच, पण आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड यांच्याने काम भागतं. मधल्या शून्याची गणितं मात्र हे पक्कं होईपर्यंत द्यायची नाहीत.

मग लॉगबुकात हे लिहा: ‘इयत्ता तिसरी, हातच्याची वजाबाकी. २२ हजर, त्यांपैकी ६ पाट्यांवर ३६. सहाही जण लहान अंक मोठ्यातून वजा करतात. ठरलं: या सहा जणांना तीन दिवस रोज दहा मिनिटं गठ्ठे आणि वही एकत्र. पुन्हा भेट गुरुवारी, पहिली तासिका.’ पाच ओळी. यातलं ‘पुन्हा भेट’ हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच गळतं. भेट आठवड्याच्या आत झाली नाही तर पहिल्या नोंदीचा कागदच होतो.

पाठानंतर बोलणं त्याच दिवशी, दहा मिनिटं, आणि शक्यतो त्याच वर्गात. ऑफिसात टेबलाच्या पलीकडे बसून बोललं की ती झडती होते. आधी शिक्षकांनाच विचारायचं, ‘बाई, किती जणांना आलं असं वाटतं?’ त्यांनी आकडा सांगितल्यावर आपला आकडा मांडायचा आणि दोघांनी मिळून पाट्या किंवा वह्या बघायच्या. खुणांचं पान त्यांच्याच हातात द्यावं. ते गोपनीय अहवालासाठी ठेवून घेतलं आहे अशी शंका आली की पुढच्या वेळी आपल्याला ‘तयार केलेला’ पाठ बघायला मिळतो: कालच शिकवलेला, उत्तरं पाठ असलेला. त्याहून सोपं म्हणजे पहिली पाळी स्वतःची लावायची. मुख्याध्यापकाच्या वर्गात सहकाऱ्याने बसून पन्नास खुणा करायच्या. एकदा त्या पानावर आपले ‘उ’ मोजून झाले की बोलण्याचा सूर आपोआप खाली येतो.

एका वेळी एकच गोष्ट सुधारायला सांगावी. फलक, आवाज, टाचण (पाठाची लेखी तयारी), साहित्य, बैठकव्यवस्था असं सगळं एकदम सांगितलं की शिक्षक सोपं तेवढं करतात, म्हणजे फलक रंगीत होतो.

वाचनाचं थोडक्यात. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीसाठी किमान ६० शब्द, तेही समजून, असं उद्दिष्ट आहे. मोजताना उतारा पाठ्यपुस्तकाबाहेरचा हवा. पुस्तकातला उतारा अर्ध्या पोरांचा तोंडपाठ असतो. मराठीत आणखी एक भानगड आहे. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा एक शब्द आणि ‘तो’ हाही एक शब्द. म्हणून जुलैचा आणि डिसेंबरचा उतारा शब्दलांबीने सारखा नसेल तर वाढ-घट दोन्ही खोटी. शब्दसंख्येबरोबर अडखळ कुठे होते ते लिहा: रफार, जोडाक्षर, की साधी वेलांटी. दुसऱ्या दिवशी काय शिकवायचं ते तिथे कळतं, आकड्यात नाही. आणि गगनबावड्याकडे जुलैत ही चाचणी घेऊच नये. पत्र्यावर पाऊस वाजत असताना शेजारचं बोललेलं ऐकू येत नाही, मुलाचं वाचन कुठून येणार. ते दिवस लेखी कामाचे.

द्विशिक्षकी शाळेत निरीक्षणाची रीतच उलटी करावी लागते. शाहूवाडी-चंदगडच्या वाड्यांवर एका शिक्षकापुढे दोन-दोन इयत्ता असतात. तिथे शिकवल्या जाणाऱ्या इयत्तेकडे बघून फार काही मिळत नाही. दुसरी इयत्ता काय करतेय ते बघायचं. सहसा ‘पाढे लिहा’ किंवा ‘धडा उतरवा’ असं काम दिलेलं असतं आणि शून्यांचा पाऊस पडतो. स्वतःचं स्वतः तपासता येईल असं काम लागतं: पुढे गणित आणि मागे उत्तर असलेली पुठ्ठ्याची कार्डं, जोडीने वाचायचे परिच्छेद, एक मूल वाचणार आणि दुसरं बोट ठेवून बघणार. तीस-चाळीस कार्डं पुष्कळ दिवस पुरतात, फक्त दर आठवड्याला थोडी बदलावी लागतात.

शिरोळ-हातकणंगलेकडे दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांची मुलं येतात आणि हंगाम संपला की जातात. त्यांना वयाप्रमाणे वर्गात बसवलं जातं, बहुतेकदा मागच्या ओळीत. पहिल्या तीन दिवसांत अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असं वाचून घेऊन त्यांचा स्तर ठरवा आणि निरीक्षणाच्या पाच नावांत त्यातलं एक तरी ठेवा. जाताना शिक्षण हमी कार्डाबरोबर (स्थलांतरित मुलाला पुढच्या शाळेसाठी देतात ते) मूल काय वाचू शकतं ते दोन ओळींत लिहून द्या. पुढच्या शाळेला गुणांपेक्षा त्याचा उपयोग होतो.

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत परिपत्रकं वाचण्याऐवजी चाळीस मिनिटं यजमान शाळेच्या खऱ्या मुलांवर एक पाठ घेता येतो. प्रत्येक शिक्षकाने पाच मुलं वाटून घ्यायची, पाठ घेणाऱ्याबद्दल एक शब्दही बोलायचा नाही, फक्त आपल्या पाच मुलांबद्दल सांगायचं. परिपत्रकं ग्रुपवर आलेलीच असतात.

तीन फेऱ्या झाल्या, काड्या झाल्या, पाट्या झाल्या आणि सहाचे पाचच झाले, असंही होतं. तेव्हा चौथ्यांदा तेच सांगायला जाऊ नये. त्या पाच जणांना ५२ म्हणजे किती गठ्ठे आणि किती सुट्ट्या, एवढंच विचारून बघा. बहुतेक वेळा अडचण वजाबाकीत नसून तिथे, स्थानिक किमतीत सापडते, आणि मग तिसरीच्या वर्गात बसून पहिलीचं दशक-एकक घ्यावं लागतं, तिसरीच्या पुस्तकाचं पान मागे राहिलं तरी. लॉगबुकात तसंच लिहा, तारखेसह.