एक लाख अडतीस हजार

क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर दोन आकडे असतात. वर एकूण बाकी, माझी ९२,०००. खाली ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे त्या महिन्यात निदान एवढे तरी भरा, ४,६००. बरेच महिने मी फक्त खालचा आकडा बघायचे. तेवढे भरले की वसुलीचे फोन येत नाहीत, एवढंच मला माहीत होतं.

पुण्यात नोकरी लागली तेव्हा पगार ३४,००० होता. खोलीचं डिपॉझिट, मावसबहिणीच्या लग्नातला आहेर, गाडीचं काम, सगळं कार्डावर गेलं. पहिल्या कार्डाची मर्यादा संपत आली म्हणून दुसरं घेतलं. मग एका अडचणीच्या महिन्यात मोबाइलच्या अ‍ॅपवरून १५,००० चं कर्ज काढलं. फी कापून हातात आले १२,६००.

एका रविवारी वही घेऊन बसले. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ९२,००० वर ३,२२०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, आणखी ५८०. मी भरत होते त्या ४,६०० मधले ३,८०० तिथेच संपत होते आणि मुद्दल फिटत होतं ८००. शिवाय बाकी ठेवून कार्ड वापरत राहिलं की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. दुकानातून आणलेल्या डाळ-तांदळालाही मी व्याज भरत होते! वहीचं ते पान अजून आहे. ८०० भोवती इतक्या वेळा पेन फिरवलंय की तिथे कागद फाटलाय.

बाबांना सांगायला पुढचे तीन आठवडे गेले. बार्शीला फोन लावला, रडू आवरत नव्हतं. ते म्हणाले, “किती आहेत सगळे मिळून?” मी म्हटलं, “लाखभर असतील.” “असतील नको बाळा. नीट मांड, मग सांग.” दोन कार्डांचे ९२,००० आणि ३१,०००, अ‍ॅपचे १५,०००. एक लाख अडतीस हजार. तोवर मी ही बेरीज कधी केलीच नव्हती.

त्याच सुमारास ‘सेटलमेंट’साठी फोन आला होता: थोडी रक्कम एकदम भरा, बाकी सोडून देऊ. मी हो म्हणणारच होते. ऑफिसातल्या एका दादाने थांबवलं. असं केलं की क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, खातं ‘सेटल्ड’ म्हणून लागतं आणि पुढे कर्ज मागायला गेलं की तेच आडवं येतं. पूर्ण फेडून ‘क्लोज्ड’ करून घे, असं त्याने बजावलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

एका बँकेने पर्सनल लोन नाकारलं, दुसरीने दिलं: १,४०,०००, १६ टक्के, २४ महिने, हप्ता ६,८५५. तिन्ही देणी त्यातून मिटवली, थकबाकी नसल्याची पत्रं घेतली आणि दोन्ही कार्डं बंद केली. तोच पैसा वर्षाला ४२ टक्क्यांऐवजी १६ टक्क्यांवर आला. कार्ड हाताशी ठेवून हे करू नये असं माझं ठाम मत आहे. मी ठेवलं असतं तर कर्ज दुप्पट झालं असतं.

आधी कर्ज फेड, मग बचत, असं सगळे सांगत होते. मी मात्र त्याच महिन्यात पोस्टात आरडी उघडली, म्हणजे दर महिन्याला ५०० रुपये टाकायची ठेव. व्याजाच्या हिशोबात ते बसत नाही, मान्य. पण माझ्या दोन्ही कार्डांवर देणं चढत गेलं ते टायर फुटला, दाढ दुखली अशा वेळी घरात रोख नव्हती म्हणून. बोनस आला तेव्हा त्यातले २०,००० वेगळ्या खात्यात टाकले आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड आईकडे ठेवायला दिलं. पुढे गाडी बंद पडली तेव्हा ४,२०० त्यातूनच गेले. गॅरेजमध्ये पैसे देताना माझे हात थरथरत होते, आनंदाने.

शेवटचा हप्ता कापला गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी बसमध्ये होते. बाबांना लगेच फोन केला. ते म्हणाले, “आता ते ६,८५५ कुठे टाकायचे ते ठरव, खर्च व्हायच्या आत.” धाकटीला पुढच्या वर्षी कॉलेजसाठी लॅपटॉप लागणार आहे. त्याच संध्याकाळी बँकेच्या अ‍ॅपवर ५,००० ची नवी आरडी सुरू केली, तारीख हप्त्याचीच ठेवली, पाच.