हिप्परग्याच्या काठावर पक्षी मोजताना

सोलापूरकरांना हिप्परगा तलाव माहीत असतो तो तुळजापूरच्या वाटेवर दिसणारं पाणी म्हणून. इंग्रजांच्या काळात, १८७१ साली बांधून झालेला हा एकरुखचा तलाव हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांचं मोठं ठाणं असतो. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. तिच्यासाठी मला इथले पक्षी नीट मोजायला शिकायचं होतं. पक्षी ओळखता येत होते. मोजणं ही वेगळीच विद्या निघाली.

डिसेंबरात गेलो तेव्हा तलाव काठोकाठ भरलेला. मधोमध वारकरी पक्ष्यांचे काळे थवे, टिबुकल्या, लांबवर काही तलवार बदकं, बास. काठाला चरणारं जवळजवळ कोणीच नाही. जाळं आवरत बसलेले एक मामा म्हणाले, "सर, पाणी अजून लई वर हाय. गड्ड्याच्या टायमाला या. गाळ उघडा पडला की पाखरं उतरतात बघा." गड्डा म्हणजे सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा.

निम्मा अभ्यास त्यांच्या बोलण्यातच झाला. शेकाट्या, तुतवार, चमचा या पक्ष्यांना उथळ पाणी आणि ओला गाळ लागतो. तलाव तुडुंब असला की त्यांचं ताट झाकलेलं असतं. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी काही वर्षी उशिरा दिसतात तेही यामुळेच. तेव्हापासून काठावर पोचलो की आधी पाण्याची रेघ कुठवर हटली आहे ते बघतो, दुर्बीण नंतर काढतो.

जानेवारीत गाळ खरंच उघडा पडला होता. पहाटे पूर्वेच्या काठाला बसलो, म्हणजे ऊन पाठीवर येतं आणि समोरच्या पक्ष्यांचे रंग उठून दिसतात. उन्हाकडे तोंड केलं की चक्रवाक काय आणि हळदी-कुंकू बदक काय, सगळीच काळी. मोजायचं असं: एखादी बाभूळ खूण म्हणून धरायची, तिथून सुरुवात करून आधी दहा पक्षी एकेक करून मोजायचे. त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत भरून घ्यायचं आणि तेवढ्याच टप्प्यांनी थवा पार करायचा. मग उलट दिशेने पुन्हा. दोन्ही आकड्यांत फार फरक आला तर तिसऱ्यांदा. टिबुकल्या सतत बुड्या मारतात, म्हणून त्यांच्यासाठी जरा थांबावं लागतं. थापट्या चोच पाण्यात घालून गोल गोल फिरतात, त्यांना मोजताना माझा हिशेब हमखास चुकायचा, अजूनही चुकतो.

पट्टकदंब मात्र फार जवळून पाहायला मिळाले. हे हंस मध्य आशियातून, तिबेटच्या पठारावरून हिमालय ओलांडून येतात. रात्री आणि भल्या पहाटे शेतांत चरतात आणि ऊन चढलं की पाण्याकाठी येऊन विसावतात. एक पक्षी माझ्यापासून इतक्या जवळ उतरला की पांढऱ्या डोक्यामागचे दोन काळे पट्टे, पिवळी चोच, पिवळसर पायांना लागलेला ओला चिखल, सगळं दुर्बिणीशिवाय दिसत होतं. तो पिसं साफ करत होता. थोड्या वेळाने मागच्या बांधावर एक मोटारसायकल थांबली. आधी एका हंसाची मान ताठ झाली, मग पाच-सहांची, पिसं साफ करणं थांबलं. अशा माना वर झाल्या की माणसाने आहे तिथेच थांबायचं असतं. मोटारसायकलवाला फोटोसाठी खाली उतरून पुढे चालत आला आणि अख्खा थवा उठला. उडताना फोटो झकास येतो, हे मला कळतं. पण इतक्या लांबून आलेल्या पक्ष्याला विश्रांतीच्या वेळी उठवणं मला सहन होत नाही, आणि ते मी त्याला तिथेच सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. दुर्बीण बघायला दिली तर बराच वेळ परत देईना.

उडालेले पट्टकदंब पलीकडच्या काठाला बसले. त्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. यादीत आकड्यांच्या शेजारी मी आता पाणी कुठवर आहे आणि गाळाचा पट्टा किती रुंद आहे तेही लिहितो. पुढच्या वर्षी पक्षी कमी दिसले तर ते आलेच नाहीत, की पाणी उतरायचं बाकी होतं, हे त्यावरून ताडता येईल.