युनिफॉर्मची बटणं

"तुम्हाला कळलं कसं हो?" शाळेच्या गेटवर, हॉस्पिटलच्या लाइनीत, सगळे हेच विचारतात. माझ्या लेकीला रोहॅड नावाचा दुर्मिळ आजार आहे, तो कसा कळला म्हणून. आता तुमच्या भाचीचं वजन सहा महिन्यांत खूप वाढलंय म्हणून तुम्हीही विचारलंत, तर नीट सांगते. जूनमध्ये वाढत्या अंगाचा म्हणून एक साइज मोठा युनिफॉर्म घेतलेला, दिवाळीआधीच त्याची बटणं लागेनात. लेक साडेचार वर्षांची, फेब्रुवारीपर्यंत 16 किलोवरून 27. सासूबाई म्हणाल्या बाळसं धरलंय, पहिल्या डॉक्टरांनी वेफर्स-चॉकलेट बंद करा म्हणून सांगितलं आणि मी जेवणसुद्धा कमी केलं, पोर भुकेने रडायची, ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

मे महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लसीच्या डोसच्या कार्डावरचा वजन-उंचीचा तक्ता बघितला, वजनाची रेघ सरळ वर आणि उंचीची तिथेच अडकलेली. जास्त खाऊन जाड झालेलं मूल सहसा उंचीलाही वाढतं, म्हणाल्या, आणि एकदम विचारलं, रात्री श्वास कसा घेते? मी म्हटलं एकदम शांत, घोरत पण नाही.

त्या रात्री लालबागच्या खोलीत पंखा बंद करून तिच्या पोटावर हात ठेवून बसले, आम्ही घामाने निथळतोय आणि हिची बोटं गार. पोट वर यायचं, खाली जायचं, मग कितीतरी वेळ काहीच नाही. ओठ निळसर.

रोहॅड सिंड्रोम. हे नाव 2007 चं, जगात मोजकीच मुलं. मेंदूतला हायपोथॅलॅमस म्हणजे भूक, तहान, हॉर्मोन्स सांभाळणारा भाग बिघडतो आणि श्वास अपुरा पडतो, पण मुलाला धाप लागतच नाही, कारण रक्तात कार्बन डायऑक्साइड साचलाय हे मेंदूला जाणवतच नाही. म्हणून नुसता ऑक्सिजन लावून भागत नाही, बोटावरच्या मशीनवर ऑक्सिजनचा आकडा छान दिसतो आणि आत कार्बन डायऑक्साइड वाढतच राहतो. हिची स्लीप स्टडी, म्हणजे झोपेत श्वास कसा चालतो त्याची तपासणी झाली, छाती-पोटाचा स्कॅनही झाला, कारण यातल्या बऱ्याच मुलांना तिथे गाठ असते. आता रोज रात्री बायपॅप, म्हणजे मास्कमधून हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन, मास्कचा पट्टा ती स्वतःच ओढून घेते.

तुमच्या भाचीचं वजन नुसतं हळूहळू वाढत असेल तर बहुतेक हे नसेलच. पण सहा महिन्यांत एवढं वाढलंय म्हणताय ना, मग डोसचं कार्ड घेऊन जा, आणि आज ती झोपली की पोटाचा व्हिडिओ काढा, पाच मिनिटं तरी, तो डॉक्टरांना दाखवा. झोपेत ओठ निळे दिसले तर सकाळची वाट बघू नका, तशाच निघा.