पाणी काय सातबाऱ्यावर लावलंय का?

आज सकाळी पंचगंगा घाटावर रोजच्या पोहणाऱ्यांतला एकजण दोन नव्या पोरांवर असला उखडला, "कुठल्या पेठंतलं रे तुम्ही, हितनं उडी मारायची न्हाई." पोरं बिचारी चपला हातात घेऊन पार कडेच्या शेवाळल्या पायऱ्यांकडं गेली. म्हातारी माणसं बघत बसलेली, एक शब्द बोललं न्हाई कोण.

मावसभाऊ कॅलिफोर्नियात असतोय, त्याला फोनवर सांगितलं तर म्हणतोय अरे हिकडं सर्फिंगवाल्यांचं, म्हणजे फळीवर उभं राहून समुद्राच्या लाटांवर स्वार होणाऱ्यांचं, हेच. लॉस एंजेलिसजवळ लुनाडा बे म्हणून जागा आहे, वस्ती एकदम पैसेवाल्यांची, आणि तिथले 'बे बॉईज', बॉईज कसले, त्यातले कितीतरी चांगले पोरंबाळं असलेले बाप्ये, बाहेरचा सर्फर आला की शिव्या, दगड, गाडीचे टायर फाडणं, अशा तक्रारी वर्षानुवर्षं. किनाऱ्यावर दगडी अड्डाच बांधलेला. 2016 ला कोर्टात केस झाली आणि त्याच वर्षी तो अड्डा पाडला.

सर्फिंगवाल्यांची एक गोष्ट मात्र मला पटली. लाट जिथनं फुटायला लागते त्याच्या सगळ्यात जवळ जो, लाट त्याची, मधीच दुसरा घुसला तर धडकाधडकी होऊन बोर्डानं डोकं फुटतंय. हे नवख्याला सांगायलाच पायजे, जरा आवाज चढवून सांगितलं तरी चालतंय, पण त्यासाठी टायर कशाला फाडायचा राव?

भावाला विचारलं तू गेलायस का तिथं कधी, तर म्हणतोय न्हाई बाबा, गाडीचे हप्ते चालू हाईत अजून.