बेडकाच्या मारेकरी पेशी आणि बेळगावचा उन्हाळा

बेडकाच्या शरीरात परक्या पेशी मारणाऱ्या दोन टोळ्या असतात. एक थायमस या ग्रंथीत तयार होणाऱ्या टी पेशींची, दुसरी एनके (नॅचरल किलर) पेशींची, जिला थायमस लागतच नाही. बेळगाव-खानापूरकडच्या एम.एस्सी.च्या मुलांना हे उंदराच्या उदाहरणावरून पाठ असतं. बेडकात वेगळं करून दाखवा म्हटलं की गाडी अडते.

खरं तर बेडकातच ते सोपं आहे. डरहॅम विद्यापीठात हॉर्टन यांच्या गटाने झेनोपस या प्रयोगशाळेतल्या आफ्रिकन बेडकाच्या कोवळ्या टॅडपोलचा थायमस जाळून टाकला. असे बेडूक टी पेशींविना वाढले, तरी त्यांच्या प्लीहेतल्या पेशी एमएचसी वर्ग १ (पेशीच्या पृष्ठभागावरची 'मी आपलीच' अशी ओळखखूण) नसलेल्या ट्यूमर पेशी मारत होत्या. म्हणजे ही खूण दिसली नाही की एनके मारते. गंमत अशी, की लहान टॅडपोलच्या स्वतःच्याच पेशींवर ही खूण नसते. मग ते जगतात कसे? तेव्हा त्यांच्यात एनके पेशीच नसतात. त्या टॅडपोलचा बेडूक होताना, रूपांतराच्या सुमारास उगवतात.

आता प्रयोग: प्लीहेतल्या मारेकरी पेशी ट्यूमरच्या लक्ष्यपेशींत मिसळायच्या आणि किती मेल्या ते मोजायचं. पेशी वाढवायचं एल-१५ माध्यम पाणी घालून पातळ करायचं, ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) २२० मिलिऑस्मोलच्या आसपास. उंदरासाठीचं २९० चं माध्यम तसंच वापरलं तर पेशी आकसतात. तापमान २६-२७ अंश, ३७ नव्हे. इथे साधा इन्क्युबेटर कामाचा नाही, तो फक्त तापवतो. एप्रिलमध्ये बेळगावातली खोलीच ३० च्या वर जाते, म्हणून थंड करणारा बीओडी इन्क्युबेटर हवा, आणि लाइट गेल्यावर चालणारा बॅकअपही.

बेडकाच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं. अमोनियम क्लोराइडने त्या फोडल्या की डीएनए सुटतो आणि सगळं चिकट होऊन गुठळ्या धरतात, त्यामुळे फिकॉलवरच (घनतेनुसार पेशी वेगळ्या करणाऱ्या द्रवावर) वेगळ्या करा. मोजतानाही लांबट तांबड्या पेशी लिम्फोसाइटमध्ये धरल्या जातात, आणि मारेकरी व लक्ष्यपेशींचं ५०:१ लिहिलेलं प्रमाण प्रत्यक्षात बरंच कमी असतं.

मेलेल्या पेशी मोजायला लागणाऱ्या किरणोत्सारी क्रोमियमचा परवाना बहुतेक कॉलेजांकडे नसतो, मग फुटलेल्या पेशींतून गळणारं एलडीएच हे विकर मोजणारं किट. त्यात मारेकरी पेशीही गळतात, म्हणून त्यांची एकटीची नळी वेगळी ठेवून तो आकडा वजा करायचा. उरलेल्यातून लक्ष्यपेशींची आपोआप होणारी गळती वजा करा आणि ट्रायटन या डिटर्जंटने सगळ्या लक्ष्यपेशी फोडून मिळालेली कमाल उणे तीच गळती याने भागा. लक्ष्यपेशींची आपोआप गळती कमाल आकड्याच्या पाव हिश्श्यावर गेली तर प्लेट टाकून द्यायची, आकड्यांशी झटापट नको.

आणि हो, शेतातला बैलबेडूक पकडून आणू नका. त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय झेनोपसच्या एनके पेशी ओळखणारं १एफ८ प्रतिपिंड त्याच्यावर चिकटेलच असंही नाही.