ब्रेक लाइट दहा मिनिटांत एलईडी झाला, पण डॅशबोर्डवरची पिवळी खूण दोन आठवडे जाईना

गाडीचे मागचे ब्रेक लाइट घरीच एलईडी केले, त्याला सहा महिने होत आले. दिवे उत्तम चालताहेत. पण त्या कामात गेलेल्या दोन आठवड्यांची चीड अजून डोक्यात आहे, म्हणून हे लिहायला घेतलं. बल्ब काढून बल्ब बसवायला मला एका बाजूला दहा मिनिटंही लागली नव्हती. बाकी सगळा वेळ डॅशबोर्डवरच्या एका पिवळ्या खुणेने खाल्ला.

हे करायचं कशासाठी, तर वेळेसाठी. साध्या बल्बची तार तापून पूर्ण उजेड द्यायला सुमारे 0.2 सेकंद लागतात. एलईडी ब्रेक दाबताच पेटतो. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण ताशी 100 किलोमीटरने मागून येणारी गाडी तेवढ्या वेळात साडेपाच मीटर पुढे सरकते, म्हणजे एका गाडीच्या लांबीहून जास्त. एकदा पावसात अचानक ब्रेक लावावा लागला आणि मागच्या गाडीचं बॉनेट आरशात मोठं मोठं होत गेलं. तेव्हापासून ते साडेपाच मीटर मला हवेच होते.

माझ्या गाडीत ब्रेक आणि टेल (रात्री मागे मंद जळणारा लाल दिवा) दोन्हींना मिळून एकच बल्ब आहे, दोन तारांचा. ब्रेकची तार 21 वॅटची, टेलची 5 वॅटची. त्याच्या बुडाला दोन पिना असतात, एक थोडी वर आणि एक थोडी खाली, त्यामुळे तो एकाच पद्धतीने बसतो. एका तारेच्या बल्बला पिना सारख्या उंचीवर असतात. म्हणून जुना बल्ब आधी बाहेर काढा, त्याच्या बुडावर कोरलेला नंबर वाचा (माझ्या बल्बवर पी 21/5 डब्ल्यू होतं) आणि मगच नवा घ्या. नुसतं गाडीचं मॉडेल सांगून घेऊ नका.

डिकी उघडली, आतलं झाकण काढलं, दोन नट सोडवले, दिवा हातात आला. होल्डर फिरवून काढला, जुना बल्ब दाबून फिरवला, निघाला. त्याची काच आतून काळपट झाली होती. नवा लाल एलईडी बसवला. बाबा ब्रेकवर पाय ठेवून बसले होते आणि मी मागून ओरडत होते, "दाबा... सोडा... परत दाबा!" असा लख्ख लाल उजेड पडला की मला फार आनंद झाला.

आनंद टिकला तो इंजिन सुरू करेपर्यंत. डॅशबोर्डवर पिवळी खूण आली, बल्ब गेल्याची. मागे जाऊन पाहिलं तर दोन्ही दिवे ठणठणीत. संध्याकाळी गॅरेजमध्ये अंधार झाल्यावर आणखी एक गोष्ट दिसली आणि मला घामच फुटला. ब्रेकवर कुणाचा पाय नाही, टेल लाइट बंद, नुसतं इग्निशन चालू, आणि दोन्ही एलईडी मिणमिणताहेत. निखाऱ्यावर राख बसल्यावर आत दिसते तशी धुगधुगी. मागच्या ड्रायव्हरला खात्रीने ब्रेक कळावा म्हणून दिवे बदलले आणि आता ते ब्रेक नसतानाही पेटलेले!

मी आधी पेडलजवळच्या ब्रेक स्विचवर संशय घेतला. दोन संध्याकाळी पेडलखाली मान वाकडी करून तो तपासण्यात गेल्या. तो निर्दोष निघाला. मग अर्थिंगच्या मागे लागले. अर्थची वायर जिथे बॉडीला नटाने जोडलेली असते तिथला गंज पॉलिश पेपरने घासला. ते करायलाच हवं होतं, पण मिणमिण गेली नाही. डावा बल्ब उजवीकडे, उजवा डावीकडे करून पाहिला. काही फरक नाही. शेवटी वैतागून जुने बल्ब परत लावले, तर खूणही गेली आणि मिणमिणही गेली. खरं तर ही चाचणी पहिल्याच दिवशी करायची. जुना बल्ब लावून त्रास जात असेल तर गाडीच्या वायरिंगमध्ये बहुधा दोष नाही.

मग व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर आणला. ब्रेक न दाबता, इग्निशन चालू ठेवून, होल्डरच्या ब्रेकच्या टोकाला मोजलं. जुना बल्ब लावलेला असताना जवळजवळ शून्य. एलईडी लावल्यावर पाच व्होल्टच्या वर. तेव्हा कुठे उलगडा झाला. गाडीचा कंप्युटर बल्ब शाबूत आहे का हे बघायला सतत अगदी बारीकसा करंट सोडून बघतो. 21 वॅटची तार तो सहज पिऊन टाकते आणि तिला त्याने साधी ऊबही येत नाही. एलईडीला मात्र तेवढाही पेटायला पुरतो, म्हणून ती मिणमिण. आणि ब्रेक दाबल्यावर जुना बल्ब पावणेदोन अँपिअर घ्यायचा, एलईडी त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी घेतो. कंप्युटरला वाटतं की तार तुटली. दिवा चांगला आहे म्हणूनच गाडी त्याला मेलेला समजते, याचा मला प्रचंड राग आला आणि अजूनही येतो.

उपाय म्हणजे लोड रेझिस्टर, म्हणजे बल्बसारखा करंट घेऊन नुसता तापणारा एक तुकडा. ब्रेकची वायर आणि अर्थ यांच्यामध्ये, एलईडीला समांतर जोडायचा, म्हणजे कंप्युटरला जुन्या बल्बइतका करंट जाताना दिसतो. 12 व्होल्टवर 21 वॅटचा हिशेब केला तर साधारण सात ओहम येतात. 6 ओहमचा, 50 वॅटचा, सोनेरी अॅल्युमिनियमच्या कवचातला रेझिस्टर सहज मिळतो. अंगठ्याएवढा असतो.

आता इथे नीट वाचा. त्याच्या पाकिटावर लिहिलं होतं की सोबतच्या चिकटपट्टीने सोयीच्या जागी चिकटवा. मी विश्वास ठेवला आणि दिव्याच्या खोबणीत, प्लास्टिकवर चिकटवला. खूण गेली, मिणमिण गेली, मी खूश. मग सिग्नलला थांबल्यासारखं म्हणून बाबांना दोन मिनिटं ब्रेक दाबून ठेवायला सांगितलं. आधी वास आला. हात घालून बघते तर पट्टी गुळाच्या पाकासारखी ओघळलेली, रेझिस्टर लोंबकळतोय आणि प्लास्टिकवर त्याच्या आकाराचा चकचकीत खळगा पडलाय. ओलं बोट झटकून एक थेंब त्यावर टाकला, तो चर्रकन उडाला.

इंजिन चालू असताना तो रेझिस्टर 30 वॅटच्या आसपास उष्णता टाकतो. सोल्डरिंगची साधी आयर्न 25 वॅटची असते, आणि ती आपण कधी गाडीच्या गालिच्यावर ठेवणार नाही. रेझिस्टरवर छापलेले 50 वॅट खरे धरायचे ते तो धातूच्या पत्र्याला घट्ट आवळलेला असेल तरच. एवढी एक ओळ त्या पाकिटावर छापायला काय हरकत होती? कुणाच्या डिकीत फोम असतो, कुणाच्या कापडी पिशव्या, आणि मागच्या सीटवर मुलं बसलेली असतात.

शेवटी दोन्ही दिव्यांचे रेझिस्टर डिकीच्या आतल्या पत्र्यावर, वायर आणि फोमपासून हातभर लांब, आधीपासून असलेल्या भोकांत स्क्रूने बसवले. पत्र्यावरची धूळ पुसून मध्ये थर्मल पेस्ट (उष्णता पत्र्यात नीट उतरवणारा लेप) लावली. पुन्हा दोन मिनिटं ब्रेक. पत्रा कोमट झाला, तेवढंच. वायरवर दाबून बसवायच्या ज्या क्लिपा मिळतात त्या मी वापरल्या नाहीत, त्या आतले धागे कापतात आणि पावसाळ्यात गंजतात. सोल्डर करून वर हीट श्रिंक ट्यूब (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवली. आणि हो, हे करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढायचं, हे मला सुरुवातीलाच सांगायला हवं होतं.

काही गाड्यांत ही बल्बची तपासणी कंप्युटरमधूनच बंद करता येते. तुमच्या गाडीत ती सोय असेल तर रेझिस्टरच्या वाटेला जाऊच नका. आतच रेझिस्टर घातलेले एलईडीही मिळतात, पण ती सगळी उष्णता बंद दिव्याच्या आत, एलईडीच्या पोटातच राहते, आणि एलईडीचं आयुष्य उष्णतेनेच घटतं. मी ते घेतले नाहीत.

रंगाचं राहिलंच. लाल काचेमागे लालच एलईडी लावा. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात लाल भाग कमी असतो आणि लाल काच बाकीचं बरंचसं अडवते, मग बाहेर फिकट, गुलाबीसर काहीतरी पडतं. शिवाय एलईडीचे दाणे सगळ्या बाजूंनी हवेत. दिव्याचा रिफ्लेक्टर मधल्या तारेचा चौफेर उजेड धरूनच बनवलेला असतो. फक्त टोकाला दाणे असले तर मधोमध एक ठिपका चमकतो आणि बाजूने दिवा अंधारा राहतो. रात्री टेल लाइट लावून ब्रेक दाबा आणि वीस पावलं मागे जाऊन बघा. दोन्हींतला फरक तिथून स्पष्ट दिसला नाही, तर तो एलईडी परत करा. साध्या बल्बच्या दिव्यात एलईडी घालायला काही देशांत परवानगी नाही, तेव्हा तुमच्याकडचा नियम खरेदीआधी बघून घ्या.

रेझिस्टर लावल्यापासून एक गोष्ट कायमची गेली आहे. उद्या एलईडी खरंच बंद पडला तर डॅशबोर्डवर खूण येणार नाही, कारण कंप्युटरला रेझिस्टरचा करंट दिसतच राहणार. म्हणून दर रविवारी रात्री मी गाडी भिंतीला पाठ करून लावते, ब्रेक दाबते आणि आरशात भिंतीवरचे दोन लाल डाग सारखे आहेत का ते बघते. जुने दोन्ही बल्ब कागदात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेत. वाटेत लावायची वेळ आली तर दोन्ही भार एकदम पडू नयेत म्हणून रेझिस्टरच्या वायरला मध्ये एक प्लग बसवलाय, तो आधी ओढून काढायचा. बाबांनाही तो कुठे आहे ते दाखवून ठेवलंय.